बुद्धाच्या छातीवरचा सातिया

खोक्याच्या वरच्या फळ्या निघाल्या, आतला भुसा उपसून झाला आणि बायांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग कोणीतरी मूर्तीवरचं पांढरं कापड ओढलं. पुढे उभ्या असलेल्यांच्या टाळ्या थांबल्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या आणखी थोडा वेळ वाजवत राहिल्या.

मूर्ती सुंदर होती. पांढरीशुभ्र, बसलेली, गुडघ्याएवढ्या उंचीच्या कमळावर. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आणि छातीच्या बरोबर मधोमध, सोनेरी रंगात, तळहाताएवढा स्वस्तिक.

माझं सासर घाटंजीपासून थोडं आत असलेल्या एका गावात. मी घाटंजीच्या शाळेत इतिहास शिकवायचे, सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळच्या बसनं यायचे. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. विहार बांधून बरीच वर्षं झाली होती, पण आत भिंतीला लावलेला एक फोटोच होता. मूर्ती आणायची हे माझ्या सासऱ्यांनी मनावर घेतलं. त्यांना मी मामाजी म्हणायचे. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. घरातही त्यांचा आवाज बसमधलाच. चार माणसं जेवायला बसली तरी म्हणायचे, "सरका, पुढं सरका, जागा करा." नागपूरच्या एका मोठ्या विहारात परदेशातले उपासक मूर्ती दान देतात आणि त्या गावोगाव जातात, असं त्यांना कळलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे किती खेटे घातले, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी व्हिएतनामहून आलेली एक मूर्ती आमच्या गावाच्या नावावर झाली.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. दोन हजारनंतरची. झाडावर बोंडं लाल पडून गळत, जी उरत त्यांना बाजारात कोणी विचारत नसे. यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज कुठल्या ना कुठल्या बातमीत यायचं आणि ते कशासाठी आलं असेल हे न वाचता कळायचं. गावात बाहेरची गाडी शिरली की लोक एकमेकांना हळूच विचारायचे, "कोन गेलं?" गाडीतून कॅमेरे उतरायचे, कागद उतरायचे, प्रश्न उतरायचे. अशाच एका दिवाळीनंतर मूर्तीचा ट्रक आला, आणि निदान त्या एका गाडीकडे तरी माणसं आनंदानं धावली होती.

तीच माणसं आता त्या सोनेरी खुणेकडे पाहत होती.

"हे काय हाय?" असं पहिल्यांदा बोलला तो आमच्या तरुण मंडळाचा पुढारी. व्यवसायानं गवंडी. विहाराचा ओटा त्यानंच बांधला होता, त्या ओट्यावर टाइल बसवायला तो रात्रंदिवस राबला होता. तो मूर्तीजवळ गेला, बोटानं ती खूण खरवडून पाहिली. "रंग नाही. कोरलेलं हाय. अन् पाहा, उलटं हाय. कोनं तरी आपली मस्करी केली. नागपूरले गोडाऊनात पडून होती ना? तिथंच कोनं तरी केलं हे."

आमच्याकडे बोलीत स्वस्तिकाला सातिया म्हणतात. गावात वरच्या आळीत प्रत्येक दारावर दिवाळीचा ताजा कुंकवाचा सातिया होता. आमच्या वस्तीत एकाही दारावर नव्हता. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर नव्हता, नव्या गाडीवर नव्हता, मुलाच्या बारशाला नव्हता. आम्ही ज्या गोष्टी सोडल्या त्यातली ती एक. त्याबद्दल कोणी भांडत नसे, बोलतही नसे. तो आपला नाही, एवढंच लहानपणापासून माहीत. आणि आता तो आमच्या बुद्धाच्या छातीवर होता.

गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी इतिहास शिकवता. सांगा."

 मला दोनच सातिये माहीत होते. एक वरच्या आळीतला. दुसरा काळा, एका कोपऱ्यावर तिरपा उभा केलेला, जर्मनीतला, जो मी दर वर्षी महायुद्धाच्या धड्यात फळ्यावर काढायचे आणि वर्गातून हमखास आवाज यायचा, "मॅडम, हा तं सातिया व्हय!" मग मी सांगायचे, त्या खुणेखाली लाखो माणसं मारली गेली.  मुलं घरी जाऊन आपल्या दाराकडे पाहायची की नाही, मला माहीत नाही.

"पटाशी आन रे," गवंडी कोणाला तरी म्हणाला. "तासून काढतो. पाच मिनिटाचं काम हाय."

"थांब," मामाजी म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. ते विहाराच्या पायरीवर बसले.  माझी सासू हातात फुलांचं ताट घेऊन उभी होती, तिनं ताट माझ्याकडे दिलं आणि त्यांच्याजवळ गेली. त्यांनी तिला हातानंच दूर केलं.

"माह्या मायच्या हातावर सातिया व्हता," ते म्हणाले. "गोंदलेला."

लग्न होऊन मला दहा वर्षं झाली होती. मामाजींची आई मी पाहिली नव्हती, पण तिच्या गोष्टी घरात रोज निघायच्या. ती किती मोठ्यानं हसायची, किती तिखट खायची. हातावरच्या गोंदणाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता.

"छप्पनसाली माय-बाप नागपूरले गेलते दीक्षेले," मामाजी सांगू लागले. सगळी वस्ती ऐकत होती, पण ते कोणाकडे पाहत नव्हते. "मी लहान व्हतो, मले मावशीपाशी ठेवलतं. वापस आले तं घरातले सारे देव टोपल्यात भरले अन् बापानं वाघाडी नदीत सोडले. दारावरचा सातिया मायनं शेणानं लिपून टाकला. सारं झालं. मंग तिचं ध्यान हाताकडं गेलं. लगनाच्या आदी गोंदला व्हता तिनं, बाजारात, आपल्या मायसंगं जाऊन. आता हा कसा काढाव? तिनं इळा चुलीत घातला. मी चुलीपाशीच भाकर खात बसलो व्हतो. मले वाटलं, इळ्याले धार लावाची असन. लाल झाला तसा काढला अन् हातावर ठेवला."

कोणीतरी बाई "अरे देवा" म्हणाली आणि लगेच तोंडावर हात घेतला.

"ओरडली नाही. एक डाव बी नाही. थो वास मले अजून येते. कोनाच्या घरी मटण भाजलं तं मी उठून बाहेर जातो, तुमाले वाटते मले आवडत नाही." त्यांनी मान वर केली आणि मूर्तीकडे बोट केलं. "आता मले हे सांगा. ज्याच्यासाठी मायनं हात जाळला, त्याच्याच छातीवर हा असन, तं मायनं जाळलं काय? सांग ना बाई, तू मास्तरीन हाय ना?"

मी ताट धरून उभी होते. 

गवंड्यानं पटाशी परत पाठवली. मूर्ती ओट्यावर बसवली गेली, पण ना वंदना झाली, ना खीर वाटली गेली. एका बाईनं घरून पिवळं कापड आणलं आणि मूर्तीच्या खांद्यावरून असं गुंडाळलं की छाती झाकली जाईल. कार्तिक पौर्णिमेला प्रतिष्ठापनेसाठी व्हिएतनामच्या एक भिक्खुणी नागपूरहून येणार होत्या. त्यांनाच विचारू, असं ठरलं.

त्या रविवारी मी यवतमाळला गेले आणि वाचनालयात दिवसभर बसले. जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली. सिंधूच्या काठच्या मुद्रांवर तो होता. ग्रीसच्या जुन्या मडक्यांवर होता. जैनांच्या मंदिरात होता, हे तर मी डोळ्यांनी पाहिलेलं, पण कधी विचार केला नव्हता. चीन, जपानमध्ये बुद्धाच्या पावलांवर, छातीवर, आणि बहुधा असाच उलटा. आणि आपल्याच सह्याद्रीतल्या बौद्ध लेण्यांमध्ये, कोणी पाण्याचं टाकं दान दिलं, कोणी खांब दिला, असे जे लेख कोरलेत, त्यातल्या कितीतरी लेखांच्या सुरुवातीला किंवा शेवटी तीच खूण. मी इतिहास शिकवत होते आणि माझाच इतिहास मला एका जाड, धूळ बसलेल्या पुस्तकात पहिल्यांदा भेटत होता. शब्दाचा अर्थही सोपा: सु आणि अस्ति. बरं असो.

सर्वांत जास्त धक्का मात्र दुसऱ्याच एका पानानं दिला. अमेरिकेतले मूळचे रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या ही खूण आपल्या घोंगड्यांत विणत आले होते. जर्मनीत तिचं जे झालं ते पाहून त्यांच्यातल्या काही जमातींनी ठरवलं की यापुढे आपण ती विणायची नाही. आपल्या आज्यांची खूण त्यांनी स्वतःहून सोडली. मी पुस्तक मिटलं. जगात आणखीही कोणी होतं तर, ज्यांनी हातचा सातिया सोडला होता.

घरी येऊन मी मामाजींना लेण्यांचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पुस्तकात असन," ते म्हणाले. "माय तं शिकली नव्हती."

पौर्णिमेला पांढरी जीप आली. गाडीला वरच्या आळीतून यावं लागतं, आणि रस्ता अरुंद म्हणून पाण्याच्या टाकीपाशी ती थांबवून पुढे पायी यावं लागतं. मी आणि मामाजी त्यांना घ्यायला टाकीपाशी उभे होतो. भिक्खुणी उतरल्या. लहानखुऱ्या, पन्नाशीच्या आतल्या, तपकिरी चीवर, डोक्यावर लोकरीची टोपी. शिकायला काही महिने दिल्लीतल्या एका विहारात राहिल्या होत्या, त्यामुळे मोडकं पण समजेल असं हिंदी बोलायच्या.

त्या दोन पावलं चालल्या नसतील, समोरच्या घरातून एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊनच बाहेर आली. फोटोला प्लास्टिकचा हार. गेल्या पावसाळ्यात तो गेला होता. बाहेरची गाडी पाहून तिला वाटलं, पुन्हा विचारायला आले. तिनं फोटो पुढे धरला आणि पाठ केल्यासारखं सुरू केलं, नाव, वय, शेत किती, कधी केलं, कसं केलं. तिला कसं थांबवावं हे मला सुचेना. भिक्खुणींनी तो फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. काही विचारलं नाही. बाई बोलता बोलता थांबली. मला वाटतं, तोवर कोणी तो फोटो हातात घेतलाच नव्हता. सगळ्यांनी फक्त त्याचा फोटो काढला होता.

पुढे निघालो तेव्हा भिक्खुणी एका दारापाशी थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. पुढच्या दारापाशी पुन्हा. मग त्याच्या पुढच्या. घरातली माणसं गोंधळून त्यांना हात जोडू लागली. माझ्या उशिरा लक्षात आलं, त्या माणसांना नव्हे, दारावरच्या सातियाला नमस्कार करत होत्या.

"कितना अच्छा गांव," त्या मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "हर घर पे बुद्ध का दिल. इधर सब लोग बुद्ध का है?"

"नहीं," मी म्हणाले. "ये लोग बौद्ध नहीं हैं. हमारा घर नीचे है."

"नीचे तो और ज्यादा होगा."

"हमारे घर पे यह नहीं होता. हमने छोड दिया."

त्या जागीच उभ्या राहिल्या. माझं हिंदी चुकलं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी हवेत बोटानं ती आकृती काढून दाखवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, तेच. तेच सोडलं.  खाली आल्यावर आमची निळ्या रंगाची कोरी दारं त्या एकेक करून पाहत गेल्या.

विहारात सगळे जमले होते. मूर्तीच्या छातीवर गुंडाळलेलं कापड पाहून त्यांनी विचारलं, "ठंड के लिए?"

कोणाला हसू आलं नाही. मामाजी पुढे झाले. आयुष्यभर नाना प्रवाशांशी बोलून त्यांचं हिंदी पक्कं झालं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. सातिया ज्यांच्या दारावर होता त्या दारात आम्हाला कसं उभं राहू देत नसत. दिवाळीच्या आधी त्यांची आई वरच्या आळीतल्या भिंती सारवायला जायची आणि भिंत वाळून तिच्यावर सातिया निघाला की तिनं त्याच भिंतीला हात लावलेला चालत नसे. मग दीक्षा. मग इळा.

"मेरी माँ ने हाथ जलाया," ते म्हणाले. "आप बोलो, उसने क्या जलाया?"

  मला वाटलं आता प्रवचन होईल. भिक्खुणींनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि मामाजींसमोर मान खाली केली.

गुळगुळीत डोक्यावर, कपाळाच्या थोडं वर, गोल डागांची रांग होती. जुने, पांढरट, करंगळीच्या टोकाएवढे.

"अगरबत्ती," त्या म्हणाल्या. "जब मैं भिक्खुणी बनी. सर पे रखा, पूरा जलने तक. मैं भी नहीं रोयी." मग छातीवर हात ठेवला. "यह निशान हमारे देश में बोलते हैं वान. मतलब दस हजार. दुनिया में जितना अच्छा है, सब. बुद्ध के दिल पे इसलिए. आपकी माँ ने निशान नहीं जलाया. माँ ने वो जलाया जो लोग उसके साथ करता था. मुझे नहीं मालूम था, इंडिया में इस निशान से किसी को दुख होता है. बुद्ध के देश में." शेवटचे शब्द त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या.

तेव्हा मागून माझी सासू बोलली. ती कधीही चारचौघांत बोलत नसे.

"थे गेलंच नव्हतं."

मामाजी वळले. "काय?"

"आत्याबाईच्या, तुमच्या मायच्या हातावरचं. जळाल्यावर वण आला, पण गोंदण खाली तसंच राह्यलं. थोडंसं वाकडं झालतं. पाय लुळे पडल्यावर मीच आंग धुत व्हती त्याहिचं, मले दिसे ना रोज. हिरवं."

"अन् तू मले सांगितलं नाही?"

"तुमी कधी इचारलं? त्या पुऱ्या बाह्याचं झंपर घालत, तुमाले दिसू नये म्हून. मी एक डाव म्हटलं, आत्याबाई, दुखते काय? तं म्हने, नाही व. आता थे कोनाचं नाही, माह्यं हाय, राहू दे."

 मामाजी एकदा माझ्या सासूकडे, एकदा मूर्तीकडे पाहत होते. मी त्यांना दोन मुलांच्या लग्नात पाहिलं, अपघातात पाय मोडला तेव्हा पाहिलं, पण असं कोरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनीच जाऊन मूर्तीवरच्या कापडाची गाठ सोडली. बोटांना गाठ सुटत नव्हती. कोणी मदतीला गेलं नाही.

वंदना झाली. भिक्खुणी त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या, आम्ही पालीत म्हणालो, मध्येच काही शब्द दोन्हीकडे सारखे यायचे आणि लहान पोरी एकमेकींकडे पाहून हसायच्या.

सगळ्यांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. गवंडी त्या संध्याकाळीच मला म्हणाला, "बाईंचं खरं असन त्याहिच्या देशात. आमाले इथं राहाचं हाय, वरच्या आळीखाली. उद्या थे म्हनतील, पाहा, शेवटी आमचाच घेतला ना." त्याचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. वरच्या आळीतला एक जण खरोखरच तसं म्हणाला, बाजारात, हसत हसत. त्यानंतर वर्षभर असं चाललं की ज्या दिवशी मामाजी विहार उघडत त्या दिवशी मूर्तीची छाती उघडी असे आणि ज्या दिवशी गवंडी उघडे त्या दिवशी कापड असे. दोघं एकमेकांना त्याबद्दल काही बोलले नाहीत. वस्तीही नाही. कापड जुनं झालं तेव्हा गवंड्याच्या बायकोनं नवं शिवून आणलं, आणि ते मामाजींनी तिच्या हातून घेऊन नीट घडी घालून ठेवलं, एवढं मी पाहिलं.

घरात मात्र एक नवीन गोष्ट सुरू झाली. जेवणं झाली की मामाजी माझ्या सासूला आपल्या आईचं विचारत बसायचे. पस्तीस वर्षांच्या संसारात न विचारलेलं सगळं. ती शेवटी काय बोलायची? तिला काय खावंसं वाटायचं? ते गोंदण केवढं होतं, दाखव. सासू स्वतःच्या हातावर अंगठा ठेवून दाखवायची, एवढं.

एकदा तिनं असाच डावा हात पुढे केला तर ते म्हणाले, "डावा नाही. उजवा. मी पाह्यलं व्हतं."

"डावा," सासू म्हणाली.

"मी चुलीपाशी व्हतो का तू?"

"बरं, तुमी व्हता. मंग इळा कोनत्या हातात धरला त्याहिनं?"

 मामाजींनी आपला उजवा हात उचलला, इळा धरल्यासारखी मूठ वळली, आणि ती हळूहळू डाव्या हाताकडे नेली, मध्येच थांबवली, आणि किती तरी वेळ तशीच धरून ठेवली.